सगळीकडे एबीसी लावून टाकू का?

प्रश्न पुण्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांचा आहे. थोडक्यात असा : तीन इमारती, सात मजले, एकूण ८४ सदनिका. तळाला गाळे, त्यांतल्या एकात खानावळ. पार्किंगमध्ये ११ इलेक्ट्रिक स्कूटर, मागच्या बाजूला डिझेल जनरेटर, प्रत्येक इमारतीला मीटर रूम आणि गच्चीवर लिफ्टची मशिन रूम. जुने अग्निशामक बाद करायचे आहेत. पुरवठादाराने सहा किलो एबीसी पावडरच्या अग्निशामकांचे ४० नग असं सरसकट कोटेशन दिलंय आणि वर म्हणतो, ‘एबीसी ऑल पर्पज असतो, डोळे झाकून घ्या.’ घ्यावेत का?

डोळे उघडे ठेवून घ्या. तो माणूस अगदीच खोटं बोलत नाहीये. तुमच्या ४० पैकी निम्म्याहून जास्त जागी एबीसीच लागेल. पण खानावळ, मीटर रूम, मशिन रूम आणि त्या ११ स्कूटर या चार ठिकाणी ‘ऑल पर्पज’ हा शब्द अंगाशी येऊ शकतो. मी १९ वर्षं एका साखर कारखान्याच्या अग्निशमन विभागात काढली, आता इमारतींची तपासणी करत फिरतो. या काळात बाटला, म्हणजे अग्निशामक, नाही म्हणून हाताबाहेर गेलेली आग मी क्वचित पाहिली. बाटला होता पण त्या आगीचा नव्हता, असं मात्र बऱ्याचदा पाहिलं.

आधी अक्षरांचा घोळ मिटवू. आपल्या भारतीय मानकांत ए म्हणजे जळून राख किंवा निखारा मागे ठेवणाऱ्या वस्तू : लाकूड, कागद, कापड, गादी, कचरा. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल, थिनर, स्पिरिट असे द्रव. सी म्हणजे गॅस. डी म्हणजे मॅग्नेशियम, सोडियमसारखे जळणारे धातू. आणि एफ म्हणजे तळणाचं तेल-तूप. एबीसी म्हणजे यांतल्या पहिल्या तिन्हींवर चालणारी पावडर. विजेला वेगळं अक्षर नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. जळतं ते तिच्या भोवतीचं रबर, प्लास्टिक, लाकूड. अमेरिकेत मात्र सी म्हणजे वीज आणि खाद्यतेलाला के. मोबाइलवर येणारे बरेच व्हिडिओ तिकडचे असतात. ते बघून लोक ‘सी म्हणजे करंटवाला’ असं पाठ करतात आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. तुमच्याकडे हा वाद निघाला असेल तर दोघंही आपापल्या देशात बरोबर आहेत. बाजारात ‘के टाइप’ म्हणून जो विकतात तो आपला एफचा बाटला, एवढं लक्षात ठेवा.

आता खानावळीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या इमारतीत पहिली आग लागलीच तर तिथेच लागेल असं मला वाटतं.

कारखान्यावर गळीत हंगामात कॅन्टीन रात्रंदिवस चालायचं. एका पहाटे तिसऱ्या पाळीसाठी भज्यांचा घाणा चालू असताना आचारी चहा गाळायला वळला आणि कढई पेटली. मदतनीस पोरगा हुशार, त्याला ट्रेनिंग मीच दिलेलं. त्याने भिंतीवरचा एबीसी काढला, पिन खेचली आणि दोन हातांवरून थेट कढईत फवारा मारला. पावडर दाबाने येते. तिने जळतं तेल उचललं आणि मागच्या भिंतीवर, ओट्यावर, पिठाच्या पोत्यावर नेऊन टाकलं. कढईतली ज्वाळा विझली खरी. पोरगं हसून माझ्याकडे बघेपर्यंत ती परत पेटली.

का पेटली, ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. आपण तळतो १७०-१९० अंशांना. तेल तसंच तापत राहिलं तर आधी धूर येतो आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास ते आपलं आपण पेट घेतं, काडी लावावी लागत नाही. पावडर ज्वाळा मोडते, पण तेल थंड करत नाही. पावडरचा ढग खाली बसला, हवा पोचली, की तेच तापलेलं तेल पुन्हा भडकतं. पाणी टाकणं तर आत्मघात. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. ती वर येताना अख्खं तेल उडवते. छताला लागणारा आगीचा लोळ त्यातूनच होतो.

एफचा बाटला वेगळ्या युक्तीने काम करतो. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण असतं आणि ते लांब दांडीतून, बारीक तुषारांनी, हळुवार पडतं. तापलेल्या तेलाशी त्याची गाठ पडली की वरच्या थराचा चक्क साबण होतो. आजी घरी सोडा आणि तेलाचा साबण करायची, तोच प्रकार. त्या फेसाळ सायीखाली हवा जात नाही आणि तुषारांनी तेलही निवतं, म्हणून ते परत पेटत नाही. एबीसीची पावडर आम्लधर्मी असते, तिच्याने हा साबण होत नाही. उलट आधी झालेला मोडतो. म्हणून मुदपाकखान्यात दोन्ही बाटले शेजारी टांगून ‘डबल सेफ्टी’ केली असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आमच्या कढईची गोष्ट अर्धी राहिली. शेवटी ती विझवली आचाऱ्याने. त्याने बर्नरचा कॉक बंद केला आणि पिठाची मोठी परात समोर ढालीसारखी धरून कढईवर सरकवली. वीस मिनिटं कुणाला ती उचलू दिली नाही. घरच्या स्वयंपाकघराला मी आजही हेच सांगतो : गॅस बंद, झाकण बाजूने सरकवा, कढई जागची हलवू नका, झाकण काढून बघू नका. कढई उचलून मोरीकडे पळणाऱ्यांचेच हातपाय भाजतात. घरासाठी एक फायर ब्लँकेट घेतलं तर उत्तम, ते ओट्याच्या वर नको, स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगा. खानावळीला मात्र एफचा बाटला हवाच. तो सोसायटीने का घ्यावा? गाळेधारकाने घ्यावा, आणि भाडेकरारात तसं लिहून घ्या. शिवाय चिमणीच्या डक्टमध्ये जे तुपकट काजळ साठतं ते दर महिन्याला खरवडून काढायची अटही घाला. कढईतली ज्वाळा त्या डक्टमध्ये शिरली की हातातल्या कुठल्याच बाटल्याने ती गाठता येत नाही.

खानावळीतच दुसरी भीती गॅसच्या टाक्यांची. इथे उलटी गोष्ट आहे. टाकीच्या तोंडाशी किंवा नळीशी गॅस जळत असेल तर पहिलं काम तो विझवणं हे नव्हेच, गॅसचा पुरवठा तोडणं हे आहे. ज्वाळा विझवली आणि गॅस येत राहिला, तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीवरून सरपटत जातो, गटारीत, जिन्याखाली, बंद खोलीत साठतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की एखाद्या फ्रिजच्या ठिणगीनेही भडका उडतो. जळणारा गॅस डोळ्यांना दिसतो, न जळणारा दिसत नाही. तेव्हा रेग्युलेटर बंद करता येत असेल तर ओलं जाड पोतं हातावर घेऊन बाजूने जा आणि बंद करा. तिथवर पोचायला ज्वाळा आड येत असेल तर एकाने एबीसी पावडर मारायची आणि लगेच दुसऱ्याने कॉक फिरवायचा. म्हणजे हे दोघांचं काम आहे. बंद करताच येत नसेल तर विझवू नका. आजूबाजूच्या टाक्यांवर आणि भिंतींवर लांबून पाणी मारा, लोकांना बाहेर काढा आणि १०१ लावा. नुसती गळती असेल, आग नसेल, तर १९०६ हा गॅसचा आपत्कालीन क्रमांक आहे. तो घराबाहेर येऊन लावा, आणि जाताना दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही करू नका. वरच्या सदनिकांत पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. तिथे खिडक्या उघडल्या की बराच धोका कमी होतो.

आता मीटर रूम. बंद मीटर रूममध्ये पहिला अग्निशामक म्हणजे मेन स्विच. पुरवठा तोडला की उरते ती साधी वायरींची आणि पाट्यांची आग, निम्मी लढाई तिथेच संपते. महावितरणच्या बाजूचा पुरवठा तुम्हाला तोडता येणार नाही, तेव्हा त्यांचा तक्रार क्रमांक दारावर रंगवून ठेवा. हातात घ्यायचा बाटला कार्बन डायऑक्साइडचा, ज्याला सगळे सीओटू म्हणतात. ४.५ किलोचा घ्या. तो वीज वाहून आणत नाही आणि मागे काहीच ठेवत नाही.

‘मागे काहीच ठेवत नाही’ याची किंमत मला एका कार्यालयाच्या सर्व्हर रूममध्ये कळली. आग लागली होती एका यूपीएसला, पाटाएवढी. रखवालदाराने सहा किलोचा एबीसी अख्खा रिकामा केला. आग विझली. पण ती पिवळसर पावडर इतकी बारीक की एसीने ती प्रत्येक यंत्राच्या पोटात नेली. हवेतला दमटपणा ओढून ती चिकट होते आणि तांब्याला, सर्किटला खाते. आगीने एक यूपीएस खाल्ला, बाकीचा पूर्ण रॅक पावडरने. रखवालदाराची चूक काहीच नव्हती, त्याच्या हाताशी जे टांगलं होतं ते त्याने वापरलं. चूक टांगणाऱ्याची. तुमच्या लिफ्टच्या कंट्रोल पॅनेललाही हाच न्याय लागू आहे. एका पॅनेलच्या किमतीत किती सीओटू येतील ते लिफ्टवाल्याला विचारून बघा.

पण सीओटूचेही नखरे आहेत, ते न सांगता तो विकत घ्यायला लावणं बरोबर नाही. एक तर त्याचा पल्ला हातभर-दोन हातभर, फार तर दोन मीटर. वाऱ्यावर, उघड्या पार्किंगमध्ये तो नुसता फुस्स होतो. तो थंड फारसा करत नाही, त्यामुळे गादी, लाकूड असली आग त्याने विझल्यासारखी दिसते आणि दहा मिनिटांनी परत धुमसते. भोंग्यातून येणारा गारवा उणे ७८ अंशांचा, उघडा भोंगा मुठीत धरला तर कातडी चिकटते. धरायचं ते मुठीला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो आगीचा श्वास कोंडतो तसा माणसाचाही. हिशेब करून बघा. एक किलो सीओटूचा सुमारे अर्धा घनमीटर वायू होतो, म्हणजे ४.५ किलोचा जवळजवळ अडीच. तुमची मीटर रूम दोन मीटर बाय दोन मीटर आणि अडीच मीटर उंच असेल तर तिचं आकारमानच १० घनमीटर. हवेत हा वायू १० टक्क्यांवर गेला की काही मिनिटांत माणसाची शुद्ध जाते. म्हणून आत शिरून, दार लावून मारायचा नाही. दारात उभं राहून मारायचा, मागे हटायचं, दार ओढून घ्यायचं. त्यासाठी बाटला खोलीच्या बाहेर, दाराशेजारी लावा. मी पाहिलेल्या दर दहा सोसायट्यांत सात-आठ जणांनी तो आत, कुलपाच्या आड ठेवलेला असतो आणि किल्ली वॉचमनच्या खिशात.

गच्चीवरच्या मशिन रूमबद्दल अजून एक. सीओटू बाटल्यात द्रवरूपात असतो, पण ३१ अंशांच्या वर तो द्रव राहू शकत नाही आणि आतला दाब झपाट्याने वाढतो. बाटले त्या हिशेबानेच जाड पोलादाचे करतात, तोंडाशी सुरक्षा चकतीही असते. तरी एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडला टेकवून ठेवण्याची ही वस्तू नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी, सावलीत लावा. त्याला दाबाचा काटा नसतो, त्यामुळे भरलाय की गळलाय हे वजनावरूनच कळतं. रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वजन अंगावर कोरलेलं असतं. आतला वायू १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर पुन्हा भरा. तपासायला येणाऱ्याच्या हातात वजनकाटा नसेल आणि तरी तो सीओटूवर ‘ओके’चा स्टिकर लावत असेल, तर त्याने काय तपासलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

क्लीन एजंट नावाचे, मागे काही न ठेवणाऱ्या वायूंचेही बाटले मिळतात. पूर्वी या जागी हॅलॉन नावाचा वायू असायचा. ओझोनच्या थरामुळे मॉन्ट्रियल कराराखाली तो गेला आणि हे नवे वायू आले. चांगले आहेत, महाग आहेत. दवाखाना, सर्व्हर रूम यांनी घ्यावेत. मीटरच्या पॅनेलवर छताला टांगायचा, ६८ अंशांना काचेची नळी फुटून आपोआप सुटणारा छोटा बाटला मात्र तुम्ही जरूर घ्या. रात्री तीनला मीटर रूममध्ये कोण असतं?

स्कूटरचा प्रश्न तुम्ही शेवटी ओळीभरात विचारलात, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. लिथियम बॅटरीची आग आपल्या ए-बी-सी-डीत नीट बसतच नाही. आतला एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. रांगेत उभे केलेले पत्ते पडावेत तसं. या जळण्याला बाहेरच्या हवेची फारशी गरज नसते, म्हणून पावडर आणि सीओटू दोन्ही वरवरची ज्वाळा मारतात आणि आतलं चालूच राहतं. तिला थांबवतं ते फक्त थंडपण, म्हणजे भरपूर पाणी, बराच वेळ. एका ९ लिटरच्या बाटल्याने ते होत नाही. हायड्रंटची होज रील, म्हणजे आगीच्या पाण्याच्या लाइनला जोडलेली गुंडाळी केलेली नळी लागते, तीही पुरेशा अंतरावरून आणि चार्जरचा पुरवठा तोडल्यावर. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी तासांनंतर पुन्हा पेटू शकते. ती उघड्यावर, भिंतींपासून लांब ठेवून नजर ठेवावी लागते.

शिवाय त्या पांढऱ्या धुराला वाफ समजू नका. त्यात विषारी वायू असतात आणि पेटणारेही. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीत वरच्या हॉटेलातली आठ माणसं गेली. आग खाली होती, धूर जिन्याने वर गेला. म्हणून या बाबतीत मी बाटल्यापेक्षा जागेबद्दल बोलेन. चार्जिंग जिन्याखाली नको, लिफ्टच्या तोंडाशी नको, घरात दाराजवळ तर नकोच, कारण तेवढं एकच दार बाहेर पडायला असतं. पार्किंगच्या उघड्या कडेला, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी, होज रील पोचेल इतक्या अंतरात. ‘लिथियम स्पेशल’ म्हणून बाटले विकायला येतील. काहींतलं रसायन खरोखर थंड करणारं आहे आणि मोबाइल, लॅपटॉपच्या बॅटरीसाठी उपयोगीही पडतं. स्कूटरच्या पॅकसाठी मी तुम्हाला त्यावर खर्च करा असं म्हणणार नाही. तेवढे पैसे वायरिंगवर घाला.

जनरेटरजवळ डिझेल आहे, म्हणजे बी. तिथे ९ लिटरचा फोम आणि एक एबीसी अशी जोडी ठेवा. फोम द्रवावर पांघरुणासारखा पसरतो आणि वाफ वर येऊ देत नाही, त्यामुळे पुन्हा पेटत नाही. मारताना धार डिझेलमध्ये खुपसायची नाही. मागच्या भिंतीवर मारायची आणि फेस आपोआप घरंगळू द्यायचा. जनरेटर चालू असताना फोम नको, त्यात पाणी आहे. आधी तो बंद करा, नाहीतर एबीसी उचला.

फोमवरून डिस्टिलरी आठवली. थोडं विषयांतर होईल, पण साखर पट्ट्यातल्या वाचकांना उपयोगी पडेल. साधा फोम डिझेलवर छान बसतो, स्पिरिटवर नाही. अल्कोहोल पाण्याचं सख्खं. ते फेसातलं पाणी ओढून घेतं आणि तुमचं पांघरूण दोन मिनिटांत विरघळून जातं. तिथे अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोम लागतो, आणि बाटल्यावर तसं लिहिलेलं असतं. इथेनॉलची ज्वाळा भर दुपारी जवळजवळ दिसतही नाही. आमच्याकडे जुने लोक हातात लांब काठीला फडकं बांधून पुढे धरत चालायचे. फडकं पेटलं की समजायचं, इथे आग आहे. हल्ली इथेनॉलचे प्रकल्प गावोगाव झालेत आणि पुरवठादार तोच साधा फोम देऊन जातात.

उरलं ए, म्हणजे तुमचे जिने, पॅसेज, क्लब हाउस, कचऱ्याची खोली. इथे एबीसी बरा आहे. त्यातलं मोनो अमोनियम फॉस्फेट उष्णतेने वितळून जळत्या वस्तूवर काचेसारखा थर धरतं. नुसत्या बीसी पावडरला हे जमत नाही, म्हणून जुने बीसी शिल्लक असतील तर ते पॅसेजमधून हलवा. पण जाड वस्तूंना, गादी, सोफा, कपड्यांचं गाठोडं, कागदाचे गठ्ठे यांना पाण्यासारखा दुसरा उपाय नाही. आमच्या कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, ढिगाऱ्याने मला हे शिकवलं. वरून आग विझलेली, राखेवर पाऊल ठेवलं की गार, आणि चार फूट आत निखारा. ढीग जेसीबीने उकरायचा, पसरायचा आणि पाण्यात थोडा साबण मिसळून भिजवायचा, तेव्हा कुठे तो शांत व्हायचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्या अशाच आतून धुमसत होत्या. बंबवाले पाणी ओतत होते, पण धुरात मूळ ठिकाण सापडत नव्हतं, आणि त्याच जहाजात दारूगोळा होता. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत गेले. १४ एप्रिलचा अग्निशमन दिन तेव्हापासूनचा. गादीची आग ‘विझली’ म्हणून झोपायला जाणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. गादी बाहेर न्या, फाडा, भिजवा.

म्हणून कचऱ्याच्या खोलीशी आणि क्लब हाउसला ९ लिटरचे पाण्याचे बाटले ठेवा. स्वस्त, साफ करायला सोपे, आणि सराव करायला भीती वाटत नाही. विजेच्या बोर्डापासून मात्र लांब. डीची तुम्हाला गरज नाही. कुणाचा मॅग्नेशियमच्या कातकामाचा धंदा असेल तर कोरडी वाळू आणि डीची खास पावडर. पाणी आणि सीओटू दोन्हींनी तो धातू अधिकच भडकतो.

आता सहा किलो की चार किलो? सहा किलो एबीसी हे आतल्या पावडरचं वजन, बाटल्यासकट नऊ-दहा किलो होतात. सकाळी अकरा वाजता तुमच्या इमारतीत कोण असतं? आजी-आजोबा, घरकामाच्या मावशी, एखादी बाळंतीण. वॉचमन गेटवर. ते दहा किलो खुंटीवरून उतरवून, पिन काढून, एका हाताने नळी रोखणं यांतल्या कितीजणांना जमेल? मी पॅसेजसाठी चार किलोचे सांगतो आणि पार्किंगमध्ये सहाचे. पुरवठादाराला यात आनंद होणार नाही. बाटला छातीपेक्षा उंच नको, चपलांच्या रॅकच्या मागे नको, आणि आगीच्या दिशेला पोचण्याआधी हाताला लागेल अशा जागी, म्हणजे जिन्याच्या बाजूला हवा. पाठ नेहमी बाहेरच्या वाटेकडे.

वापरायला मिळतात ते फक्त दहा ते वीस सेकंद. पिन काढा, दोन-तीन मीटरवरून नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, झाडू मारल्यासारखं आडवं फिरवत पुढे सरका. ज्वाळेच्या शेंड्यावर मारणारे नुसती पावडर उधळतात. एक बाटला संपला आणि आग तशीच असेल तर दुसरा शोधू नका, दार ओढून घ्या आणि निघा. आणि एकदा एक सेकंद जरी दाबला असला तरी तो बाटला परत खुंटीला लावायचा नाही. पावडरचे कण झडपेत अडकतात आणि उरलेला दाब रात्रीतून निघून जातो.

खरेदीच्या वेळी आयएसआय खूण आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा, उत्पादनाचं साल बघा, आणि एबीसी असेल तर पावडरमध्ये फॉस्फेट किती टक्के ते लेखी मागा. ५० टक्क्यांचाही मिळतो, ९० चाही. दोघांचा रंग सारखा आणि कोटेशनवर दोघांचं नाव एकच. पाणी, फोम आणि पावडरच्या बाटल्याचं आयुष्य १० वर्षं, सीओटूचं १५. पहिल्यांची दाबचाचणी दर तीन वर्षांनी, सीओटूची दर पाच. जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेणं महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे तुमच्यावर बंधनकारक आहेच, पण तो कागद मिळाला म्हणजे बाटला भरला असं समजू नका. रिफिलिंगला गाडी येते, बाटले घेऊन जाते, संध्याकाळी चकचकीत स्टिकर लावून परत आणते. आत काय झालं कुणी पाहिलं? मुदत संपलेले दोन-तीन बाटले रिफिलला देण्याआधी आवारात रहिवाशांकडूनच रिकामे करून घ्या. सरावही होतो आणि मागच्या वर्षी काय भरलं होतं तेही सगळ्यांसमोर बाहेर येतं. एका सोसायटीत आम्ही पाच उघडले, त्यातल्या दोघांतून काहीच आलं नाही आणि तिसऱ्यातून ढेकळं.

तर कोटेशन असं बदलून घ्या : पॅसेजना २१ एबीसी चार किलोचे, मजल्याला एक. पार्किंगला सहा, सहा किलोचे. मीटर रूम आणि मशिन रूम मिळून सहा सीओटू. जनरेटरला एक फोम, एक एबीसी. क्लब हाउस आणि कचऱ्याची खोली मिळून तीन पाण्याचे. एकूण ३८. वाचलेल्या दोन नगांच्या पैशात मीटर पॅनेलवरच्या तीन आपोआप सुटणाऱ्या बाटल्यांपैकी निदान एकाची सुरुवात होईल. खानावळवाल्याचा एफ वेगळा, त्याच्या खिशातून. आणि मशिन रूमच्या किल्लीची एक प्रत काचेच्या पेटीत घालून सातव्या मजल्यावर लावा.